बालीतला पाडवा

२ मार्च २०२५, डोंबिवली

बालीला जायचं ठरलं ते लेकीच्या शाळेमुळे. सीबीएसईची परीक्षा संपून नवं वर्ष सुरू व्हायच्या मधे जेमतेम आठवडाभराची फट मिळते. तेवढ्यात काय ते करायचं. २५ मार्चला रात्री निघायचं, १ एप्रिलला परत. एका टूरवाल्याकडून कार्यक्रम मागवला, त्याने रंगीत पीडीएफ पाठवली. शनिवार, २९ मार्च : 'पूर्ण दिवस वॉटर स्पोर्ट्स, नंतर शॉपिंग.'

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ती पीडीएफ उघडूनही बघितली नाही. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान उलटलं आणि म्हणाल्या, "रविवारी तीस तारखेला पाडवा आहे. गुढी कोण उभारणार?"

शेजारचे उभारतील, असं नवरा म्हणाला. त्यावर आई काही बोलल्या नाहीत, म्हणजे विषय संपलेला नव्हता.

रात्री मी सहज शोधायला बसले की बालीत हिंदू आहेत तर पाडव्यासारखं काही असतं का. असतं. न्येपी. त्यांचं शक संवत्सराचं नवं वर्ष, आणि ते नेमकं २९ मार्चला. त्या दिवशी पहाटे सहापासून दुसऱ्या पहाटे सहापर्यंत अख्खं बेट बंद. दुकानं बंद, रस्ते बंद, बंदरं बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद, एवढंच काय विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांनीही आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

सकाळी टूरवाल्याला फोन केला. "मॅडम, टुरिस्ट प्लेस आहे, तिकडे काही बंद नसतं." मी म्हटलं, विमानतळ बंद असतो हो. "तसं काही असेल तर ते आपण ॲडजस्ट करू." चोवीस तासांचा बंद तो कुठे ॲडजस्ट करणार होता, हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. तिकिटं आम्हीच काढली, क्वालालंपूरमार्गे. आणि सानूर गावात एका घरगुती मुक्कामाच्या दोन खोल्या घेतल्या. मालकीणबाईंनी दोनच ओळींचं उत्तर पाठवलं : न्येपीला इथेच राहायचं, बाहेर जायचं नाही, चालेल ना? चालेल, असं मी कळवलं, आणि घरी सांगितलं की गुढी बालीत उभारायची.

५ ते १८ मार्च, पासपोर्ट आणि पाच लाख

इंडोनेशियात उतरताना पासपोर्टला निदान सहा महिने शिल्लक असावे लागतात. आईंचा पासपोर्ट जुलैत संपत होता. हे मला ५ तारखेला, आंघोळ करताना आठवलं. ओल्या केसांनी कपाट उघडून खात्री केली. मग तातडीचा अर्ज, फोटो, पोलीस चौकशी, पोस्टमनची वाट. १७ तारखेला नवं पुस्तक हातात आलं तेव्हा मी पोस्टमनला लाडू दिला. जाणार असाल तर पहिलं काम हेच करा. पोहायचे कपडे नंतर बघता येतात.

व्हिसा सोपा आहे. भारतीयांना तिथे उतरल्यावर मिळतो आणि आधी ऑनलाइनही काढता येतो. तीस दिवसांचा, माणशी पाच लाख. पाच लाख ऐकून आई पलंगावर बसल्या. "रुपिया हो, रुपये नाही," असं लेकीने समजावलं. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण १९० रुपिया पडत होते. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख रुपियांचा वेगळा कर घेतो, तोही आधीच ऑनलाइन भरला. चौघांचे मिळून सव्वीस लाख, म्हणजे आपले तेरा-चौदा हजार. लेकीने शाळेत सांगून टाकलं की आमची ट्रिप कोटीत चाललीय.

हिशेबाची युक्ती एकच : शेवटची तीन शून्यं मनातल्या मनात झाकायची आणि उरलेल्या आकड्याला पाचाने गुणायचं. पन्नास हजार म्हणजे पन्नास, पाचा पन्नास अडीचशे रुपये. तंतोतंत नाही येत, पण वारुंगमध्ये, म्हणजे तिथल्या खानावळीत, जेवायला बसण्याआधी एवढं पुरतं.

२२ ते २५ मार्च, बॅगा

आमच्याकडे बॅग भरायची म्हणजे दोन पक्ष असतात. नवऱ्याचा पक्ष : सगळं तिथे मिळतं. आईंचा पक्ष : मिळालं नाही तर? मी दरवेळी मधे असते आणि दरवेळी आईंच्या बाजूने मत देते.

दशम्या, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, कोकम. ओडोमॉस दोन ट्यूब, कारण तिथे डेंग्यू आहे. ओआरएस. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. औषधांच्या बाबतीत तिथला कायदा कडक आहे. पटकन वाळणारे सुती कपडे आणि चार रेनकोट, कारण मार्च हा तिथल्या पावसाळ्याचा शेपटा. चार्जरच्या आपल्या गोल दोन पिना तिथल्या सॉकेटात बसतात, तीन पिनांच्या मात्र बसत नाहीत. हे कळल्यावर छोटा राइस कुकर बॅगेतून बाहेर आला आणि एक अडॅप्टर मिळाल्यावर परत आत गेला.

मग गुढीचं सामान. तांब्याचा लहान गडू, हिरवं खणाचं कापड, हळदकुंकवाच्या डब्या, साखरेची गाठी. गाठीसाठी आईंनी खास व्यवस्था केली : आधी बटर पेपर, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग स्टीलचा डबा, डब्याभोवती रबर. "दमट हवा असते म्हणे. पाघळायला नको." काठी नेता येणार नाही हे त्यांनी मान्य केलं. कडुलिंबावर मात्र अडून बसल्या. बाहेरून ताजा पाला किंवा रोप न्यायला तिथल्या क्वारंटाइनची बंदी असते, हे मी तीनदा सांगितलं. तरी निघायच्या दिवशी त्यांच्या पर्समध्ये रुमालात बांधलेली कोवळी डहाळी सापडली. ती आम्ही सोसायटीच्या तुळशीपाशी ठेवून आलो. रिक्षात त्या दोन सिग्नल गप्प होत्या.

विमानात लेक शब्दांची यादी पाठ करत होती. भाषेला 'बहासा', काचेला 'काचा', साखरेला 'गुला', म्हणजे आपला गूळच. नवऱ्याला 'सुआमी', बायकोला 'इस्त्री', खेड्याला 'देसा', उपासाला 'पुआसा'. सुआमी म्हणजे स्वामी हे कळल्यावर माझ्या शेजारचे स्वामी फार खूश झाले. मी म्हटलं, इस्त्री आहे इकडे, बेताने.

२६ मार्च, सानूर

विमानतळाला नाव आहे ते १९४६ मध्ये डचांशी लढताना पडलेल्या ई गुस्ती न्गुराह राय यांचं. बाहेर आलं की दमट हवेची गरम घडी तोंडावर बसते, आपल्या मे महिन्यातल्या रत्नागिरीसारखी. घड्याळं अडीच तास पुढे केली. ड्रायव्हर पस्तिशीचा होता. त्याला काय म्हणायचं विचारलं तर म्हणाला, "ब्ली." म्हणजे दादा. रस्ते डाव्या बाजूचे, स्कूटरी आपल्याएवढ्याच, पण हॉर्न नाही. अर्ध्या तासात मी दोन हॉर्न मोजले.

सानूरमध्ये एकच उंच इमारत आहे : १९६६ साली सुरू झालेलं दहा मजली बाली बीच हॉटेल. ते उभं राहिलेलं बघून बेटावरचे लोक इतके अस्वस्थ झाले की पुढे नियमच झाला, माडाच्या शेंड्यापेक्षा उंच बांधायचं नाही. साधारण पंधरा मीटर. डोंबिवलीहून आलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते लिहीत नाही.

आमच्या मालकीणबाई पन्नाशीच्या. त्यांना सगळे 'इबू' म्हणतात, म्हणजे आईच, तशा आम्हीही म्हणू लागलो. त्यांचं आवार म्हणजे एक घर नव्हे. मधे अंगण, कडेने सुट्या खोल्या आणि ईशान्येच्या कोपऱ्यात देवळांचा छोटा पुंजका. खुरचाफ्याची फुलं जागोजाग पडलेली. दारात, पायरीवर, स्कूटरच्या सीटवर माडाच्या पात्याच्या चौकोनी द्रोणात फुलं आणि उदबत्ती. हे 'चनांग सारी'. पांढरी फुलं पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, निळी किंवा हिरवी उत्तरेला. रोजचा नवा द्रोण. आईंनी चप्पल काढून एक द्रोण ओलांडला आणि लगेच वाकून नमस्कार केला, चुकून पाय लागला असेल तर म्हणून.

संध्याकाळी समुद्रावर गेलो तर गर्दी. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, उंच काठ्यांच्या छत्र्या, झांजा, आणि खांद्यावर देव. मेलास्ती. न्येपीच्या दोन-तीन दिवस आधी गावोगावच्या देवळांतले देव आणि पूजेच्या वस्तू पाण्यावर आणून शुद्ध करतात. आम्ही लांब वाळूत बसून बघितलं. देवांना परत नेताना एक आजोबा मागे वळून समुद्राला हात जोडत होते. लेकीने एवढ्यात विचारलं, "हे विसर्जन नाही ना? परत नेतायत." नाही, म्हटलं. हे देव घरी जातात.

२७ मार्च, शके ८३५

आमच्या मुक्कामापासून चालत वीस मिनिटांवर ब्लांजोंग नावाचं देऊळ आहे. तिथे काचेच्या आडोशाआड एक दगडी खांब उभा आहे. माणसाच्या उंचीचा, वरून झिजलेला. फारसं कुणी येत नाही, त्या सकाळी तर आम्ही चौघंच होतो. बालीत सापडलेल्या सर्वांत जुन्या तारीखवार लेखांपैकी हा एक. श्री केसरी वर्मदेव नावाच्या राजाने आपल्या विजयाची नोंद त्यावर कोरवली. एका बाजूला जुनी बाली भाषा, पण लिपी आपल्या नागरीची पूर्वज. दुसऱ्या बाजूला संस्कृत, पण लिपी तिथली, कावी. दोन भाषांनी एकमेकींचे कपडे घातल्यासारखं.

आणि काळ : शके ८३५, फाल्गुन.

आज फाल्गुन चालू आहे, आई म्हणाल्या. खरंच होता. वद्य पक्ष, दोन दिवसांनी अमावस्या. काचेवर नाक टेकवून आम्ही अक्षरं लावायचा प्रयत्न केला. एक 'क' मला ओळखू आल्यासारखा वाटला, लेकीला नाही वाटला. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी इथे बसून आपल्याच महिन्याचं नाव दगडात कोरलं, हे कळायला मला डोंबिवलीहून पीडीएफ रद्द करून यावं लागलं.

त्यांची काळगणना पुढे थोडी वेगळ्या वाटेने गेली. न्येपीचा आदला दिवस म्हणजे त्यांच्या नवव्या महिन्याची अमावस्या, आणि वर्षाचा आकडा बदलतो तो दहाव्या महिन्यात. इबूंना विचारलं की असं का, त्या हसून म्हणाल्या, तुमच्या सरकारचं वर्ष एप्रिलमध्ये बदलतं ना? २०२३ साली न्येपी आणि पाडवा दोन्ही २२ मार्चलाच आले होते. मग आपल्याकडे अधिक श्रावण आला, त्यांच्याकडे नाही, आणि २०२४ ला महिनाभराचं अंतर पडलं. यंदा एका दिवसाचं. पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, दोन्ही १९ मार्चलाच. आकडा मात्र तोच : त्यांचंही १९४७, आपलंही १९४७.

दुपारी उबुद गावाला गेलो. भातखाचरं सुंदर, रस्ता दीड तास तुंबलेला, माकडांनी नवऱ्याचा चष्मा घेतला आणि शेंगदाण्यांच्या बदल्यात परत दिला. एवढंच.

येताना आईंचा प्रश्न पुन्हा निघाला : कडुलिंब. मी ब्लीला फोनवर पानाचा फोटो दाखवला. त्याने एक नजर टाकली. "इंतारान." सानूरच्या ज्या गावात आम्ही उतरलो होतो, त्या गावाचंही नाव इंतारानच. मग त्याने गाडी एका भिंतीपाशी थांबवली आणि वर बोट दाखवलं. झाड रस्त्यावरच होतं. दोन दिवस आम्ही त्याच्याखालून ये-जा करत होतो.

२८ मार्च, खरेदी

सकाळी इबूंनी सूचना दिली : दुपारच्या आत जे लागेल ते आणून ठेवा. सुपरमार्केटमध्ये आत शिरायलाच रांग. ब्रेडचा कप्पा रिकामा. केळी, नूडल्स आणि पाण्याचे एकोणीस लिटरचे निळे जार, ज्याला तिथे 'गालोन' म्हणतात, एवढ्यांनी सगळ्यांच्या ट्रॉल्या भरलेल्या. एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या ट्रॉलीत चिप्सची चौदा पाकिटं होती, मी मोजली. आपल्याकडे लॉकडाउनच्या आदल्या रात्री जसं होतं तसंच दृश्य, फक्त कुणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काउंटरवरची मुलगी जावाहून आलेली, मुसलमान. रमजानचे शेवटचे दिवस. तिचाही पुआसा चालू होता.

शाकाहारी मंडळींनी दोन शब्द पाठ करून जावेत : 'तान्पा तेरासी.' तेरासी म्हणजे कोळंबीचा वाटलेला खारवण, आणि तो साध्या दिसणाऱ्या लाल चटणीतही असतो. तान्पा म्हणजे शिवाय. टेंपे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, तळून खाल्ली तर आपल्या आळूवडीच्या जवळपास जाते. आईंनी चार खाल्ल्या. नंतर म्हणाल्या, वडीला आळू नव्हतं.

परत आलो तर इबूंच्या घरात आमच्यापेक्षा मोठी धांदल. उद्यासाठीचा भात, भाज्या, सगळं आजच शिजत होतं. मुलगा खिडक्यांच्या फटींना काळं कापड लावत होता. त्यांची उद्याची चार पथ्यं : अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. म्हणून आज सगळ्याच गोष्टी दुप्पट. आम्ही पंधरा दिवस जी तयारी केली ती काही अडू नये म्हणून. इथे एक घर दिवसभर घाम गाळत होतं ते उद्या काहीही चालू राहू नये म्हणून. आई त्यांच्यात जाऊन बसल्या आणि न विचारता शेंगा मोडू लागल्या. त्यांच्या सुनेने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली : मोडू देत.

संध्याकाळी चौकात. ओगोह-ओगोह म्हणजे बांबू आणि कागदाचे अगडबंब राक्षस, डोळे बाहेर आलेले, जिभा लोंबणाऱ्या, स्तनांचे आणि नखांचे अतिरेक. प्रत्येक बंजारची, म्हणजे वाडीची, पोरं महिना-दोन महिने खपून ते करतात. आपल्या गणपती मंडळांसारखंच, वर्गणी आणि चुरशीसकट. एका मंडपामागे अर्धवट राहिलेला पंजा दिसला : कामट्यांची विणलेली पाटी, त्यावर कागदाचे थर. जवळून बघितलं तर थर्माकोल कुठेच नाही, आणि टोपली विणणाऱ्याच्याच हाताचं ते काम होतं.

अंधार पडला आणि मशाली निघाल्या. पन्नास-साठ पोरं बांबूच्या जाळीवरचा राक्षस खांद्यावर घेऊन धावत चौकात येतात आणि गरागरा फिरवतात, भुतांना दिशा कळू नये म्हणून. बरोबर झांजांचा तो गजर, 'बलेगांजुर'. ढोल-ताशात वाढलेल्या माणसाचे पाय आपोआप हलतात. नवऱ्याला एका पोराने जाळीचं टोक धरायला दिलं. तो दहा पावलं धावला आणि नंतर तीन दिवस खांदा दाखवत होता.

२९ मार्च, न्येपी

पहाटे जाग आली ती आवाजाने नाही, आवाज नसल्यामुळे. पहिल्यांदा कळेना काय चुकतंय. मग लक्षात आलं : स्कूटर नाही, विमान नाही, झाडू नाही, रेडिओ नाही. कोंबडे होते. आणि अंगणात उभं राहिल्यावर, मधे घरं आणि रस्ता असूनही, समुद्राच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटा ऐकू आल्या. तो आवाज रोजही असणारच.

लेकीने फोन बघितला, नेट शून्य. अर्धा तास तिने तो हातात धरून ठेवला, मग उशीखाली ठेवला. नवरा झोपला. मी दशम्या काढल्या.

आईंचा शनिवारचा उपास. त्या अंगणाच्या कडेला पायरीवर माळ घेऊन बसल्या होत्या. दहाच्या सुमारास इबू पांढऱ्या सुती कपड्यात बाहेर आल्या आणि दुसऱ्या पायरीवर बसल्या. त्याही काही खाणार नव्हत्या, पाणीसुद्धा नाही. दोघींची भाषा एक नाही. बराच वेळ दोघी समोर बघत होत्या. मग इबूंनी आईंच्या माळेकडे बघून हळूच विचारलं,

"पुआसा?"

"हो. उपास," आई म्हणाल्या. तशाच हळू.

दिवसभरात त्यांच्यात झालेलं संभाषण एवढंच. जेवणाच्या वेळी आई मला म्हणाल्या, "बाई समजूतदार आहेत."

दुपार लांब असते हे मी विसरले होते. पत्ते खेळलो, कुजबुजत. नवऱ्याला हुकूम ओरडून टाकायची सवय, तीन वेळा आम्ही त्याला गप्प केलं. गेटच्या फटीतून रस्ता बघितला : मोकळा, आणि त्याच्या मधोमध एक कुत्रा पोट वर करून झोपलेला. चारच्या सुमारास दोन पचालांग चालत गेले. हे गावाचे पहारेकरी, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड. रुग्णवाहिका आणि अडलेली बाळंतीण सोडून रस्त्यावर कुणाला परवानगी नाही.

चूक आमच्याकडून रात्री झाली. दिवे नाहीत, खिडकीला कापड, सगळं नीट. लेकीने मात्र पांघरुणात पुस्तक वाचायला फोनचा टॉर्च लावला आणि पांघरूण पातळ होतं. गेटवर टकटक झाली. "लाम्पू," बाहेरून एक शांत आवाज आला. "लाम्पू, इबू." टॉर्च विझला. सकाळी मी माफी मागितली तर इबू म्हणाल्या, दरवर्षी कुणीतरी असतंच, एका वर्षी मीच होते.

त्यानंतर आम्ही अंगणात आलो, सतरंजी टाकली. त्यांची अमावस्या कालची, आपली आजची, कशीही मोजा, चंद्र नव्हता. ढग तुकड्यातुकड्यांनी सरकत होते. मग एक मोठं भगदाड पडलं.

असं आभाळ मी लहानपणी आजोळी कणकवलीजवळ बघितलं होतं, त्यानंतर नाही. पश्चिमेला मृग आडवा, त्याच्याजवळ रोहिणी आणि तिच्याहून ठळक गुरू. डोक्यावर व्याध. दक्षिणेला अगस्ती, आपल्याकडे क्षितिजाच्या धुळीत असतो तो इथे वर चढून बसलेला. आग्नेयेकडून त्रिशंकूचे चार तारे वर येत होते. लेकीने ध्रुव विचारला. तो नाही दिसणार, आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत, तो तिकडे मातीच्या आड. तिला ते पटायला वेळ लागला. "म्हणजे तो हलत नाही, पण आपण हललो?" हो. आई सतरंजीवर आडव्या होऊन घोरू लागल्या, आणि त्या शांततेत ते घोरणं पचालांगपर्यंत जाईल की काय, अशी मला काळजी लागली.

३० मार्च, पाडवा

सहा वाजता पहिली स्कूटर. मग दुसरी. मग शेजारच्या घरात कुणीतरी जोरात शिंकलं, बहुतेक कालपासून धरून ठेवलेलं.

काठी इबूंच्या मुलाने दिली, नारळ-फुलं काढायचा बांबू. आईंनी तो धुतला, हळदकुंकू लावलं, खणाच्या निऱ्या केल्या. आंब्याची डहाळी आवारातलीच. इंतारानची पानं ब्ली स्वतः घेऊन आला. गडू उपडा बसवला. मग डबा उघडला, रबर, प्लॅस्टिक, बटर पेपर. गाठी शाबूत होती, फक्त बोटांना किंचित चिकटत होती. आईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं.

गेटपाशी गुढी उभी राहिली. इबूंना वाटलं हा आमचा पेंजोर. त्यांच्याकडे गालुंगानच्या सणाला दारोदार पेंजोर लागतात, सजवलेले उंच बांबू, शेंडा वाकून रस्त्यावर झुललेला. गालुंगान २३ एप्रिलला होता, तेव्हा या, म्हणाल्या. मग आमच्या बांबूकडे बघून त्यांनी हाताने वाकवल्याची खूण केली : सरळ कसा? आईंनी उत्तर दिलं, मराठीत, पूर्ण वाक्यात : "आमच्याकडे वाकवत नाहीत." इबूंनी मान डोलावली.

कडुलिंब, गूळ, जिरं वाटून सगळ्यांना गोळी दिली. गूळ तिथला, माडाचा. ब्लीने चावून गिळली, चेहरा न हलवता. इबूंच्या सुनेने तोंडात धरली आणि आत निघून गेली.

सूर्यास्ताला गुढी उतरवायला गेलो तेव्हा कळलं की दमट हवेचा बंदोबस्त झाला होता, मुंग्यांचा नाही. बांबूवरून तांबडी रांग थेट वर गेलेली. गाठीतली अर्धी पदकं पोखरून जाळी झालेली. आईंनी उरलेली झटकली, फुंकर मारली आणि एक तोडून स्वतःच्या तोंडात टाकलं. "साखरच आहे."

३१ मार्च

बोटीने शेजारच्या पेनिडा बेटावर, चाळीस मिनिटं. ईदमुळे बंदरावर तोबा गर्दी. त्या प्रसिद्ध कड्याचा फोटो सगळ्यांनी बघितलेला आहे, तसाच आहे. खाली उतरायच्या पायऱ्या गुडघ्यांचा हिशेब मागतात, आम्ही वरच शहाळं प्यायलो. लेकीने पाण्यात तोंड घालून निळे मासे बघितले आणि दुपारभर त्याबद्दलच बोलली.

परत आलो. खण, गडू, डब्या बॅगेत गेल्या. कुकर एकदाही उघडला नाही, हे नवऱ्याने दोनदा बोलून दाखवलं. बांबू इबूंना परत दिला. आईंना वाटत होतं पूजेची काठी आहे, कुठे नीट ठेवतील. सकाळी निघताना बघितलं, अंगणात दोन फांद्यांच्या बेचक्यात ती आडवी टाकलेली होती आणि तिच्यावर आमचेच चार टॉवेल वाळत होते.